दहा नंबरचं बिल

उणे ७ तास. ३१ मार्च, संध्याकाळी ५.४५

मानकोली नाका ते अंजूरफाटा या पट्ट्यात आज पत्र्याच्या छपरांखेरीज फारसं काही दिसत नाही. वळ, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर ही आसपासची गावं मूळची भातशेतीची. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात लागायची, म्हणून कंपन्यांनी तो हद्दीबाहेर, पण हाताशी राहील असा ठेवायला सुरुवात केली. खाचरांवर भराव पडला आणि गाळे उभे राहिले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोडाऊनं मात्र वाढतच राहिली. यंत्रमागांची भिवंडी कापडाच्या ताग्यांवर मोठी झाली, गोडाऊनांची भिवंडी बिलांवर चालते. बिलाचा नंबर नसेल तर गाडी गेटबाहेर जात नाही.

पुढे येणारं गोडाऊन आणि त्यातली माणसं मी कल्पिलेली आहेत. नियम, कायद्यातली कलमं आणि बिघाडाची जात खरी आहे. तो बिघाड ज्या एका ओळीतून येतो ती ओळ गावोगावच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये लिहिली गेली आहे आणि अजून लिहिली जाते, म्हणून हा घटनाक्रम मांडावासा वाटला.

गोडाऊन पंखे, कूलर आणि मिक्सरचं आहे. मार्चअखेर म्हणजे डीलरांच्या टार्गेटचा शेवटचा दिवस. ज्यांचं टार्गेट अपुरं आहे त्यांना माल आजच्या तारखेला हवा. ज्यांचं पुरं झालं त्यांचा निरोप एकच: ‘आमचं बिल एप्रिलमध्ये टाका.’ त्यामुळे रात्री बारानंतरच्या गाड्यांची यादी संध्याकाळीच लांबली आहे. ठाण्याच्या हद्दीत सकाळच्या गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, म्हणून मोठ्या गाड्या पहाटेच्या आत सुटायला हव्यात.

आता ती ओळ. ऑपरेटरने नवं बिल उघडलं की सॉफ्टवेअर डेटाबेसला विचारतं: या आर्थिक वर्षातल्या बिलांमध्ये सगळ्यांत मोठा नंबर कोणता? उत्तर येतं, त्यात एक मिळवायचा, झाला पुढचा नंबर. एका ओळीची क्वेरी. पहिल्या दिवशी चालते, शंभराव्या दिवशी चालते, आणि लिहिणाऱ्याला वाटतं की काम झालं.

याच सॉफ्टवेअरमध्ये आणखी दोन गोष्टी आहेत. बिल नंबरचा रकाना आकड्याचा नाही, मजकुराचा आहे, कारण कधीकाळी कुणाला नंबराच्या पुढे ‘अ-’ लावायचं होतं. आणि बिलातल्या मालाच्या ओळी वेगळ्या तक्त्यात राहतात. त्या कोणत्या बिलाच्या, हे फक्त बिल नंबरावरून कळतं. दुसरा धागा नाही.

एवढी वर्षं हे निभावलं ते जुन्या हिशेबनीस काकांमुळे. दरवर्षी १ एप्रिलचं पहिलं बिल काका स्वतः हाताने टाकायचे, आणि नंबर द्यायचे १०००१. का, ते कधी कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. काका डिसेंबरमध्ये निवृत्त झाले. त्यांच्या निरोपसमारंभात शाल, श्रीफळ, पेढे सगळं झालं. १०००१ ची गोष्ट कुठल्याच वहीत उतरली नाही.

उणे ५ तास. संध्याकाळी ७.४५

एका डीलरचा फोन येतो, माल नको. बिल नुकतंच झालंय, आयआरएनही आला आहे. ऑपरेटर सरकारी ई-इनव्हॉइस पोर्टलवर तो रद्द करतो आणि सॉफ्टवेअरमधून बिल काढून टाकतो. पुढचं बिल उघडतो, तर नंबर येतो तोच. साहजिकच आहे. शेवटची नोंद पुसली की सगळ्यांत मोठा नंबर एकाने खाली येतो आणि सॉफ्टवेअर गेलेला नंबर पुन्हा देतं.

पोर्टल तो नाकारतं. ई-इनव्हॉइसचा आयआरएन म्हणजे विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि कागदाचा नंबर या चार गोष्टींपासून गणिताने काढलेली ६४ अक्षरांची खूण. त्या चार गोष्टी तशाच आल्या की खूण तीच निघते. आयआरएन २४ तासांच्या आत रद्द करता येतो, पण तो नंबर त्या वर्षात पुन्हा वापरता येत नाही.

ऑपरेटर नंबर हाताने एकाने वाढवतो, बिल जातं. त्याला ही युक्ती जुन्या ऑपरेटरने शिकवलेली आहे.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. छापखान्यातून बिलबुक यायचं, त्यावर नंबर आधीच छापलेले. पान चुकलं तर त्यावर दोन तिरप्या रेघा मारून ‘रद्द’ लिहायचं आणि पान बुकातच ठेवायचं. मागचं पान पाहून पुढचा नंबर ठरवायची गरज नव्हती; नंबर आधी होता, बिल त्याच्यावर उतरायचं. कॉम्प्युटर आला तेव्हा बिलबुकाचं काम त्याच्याकडे गेलं, पण छापखान्याचं काम कुणाकडे द्यायचं हे अनेकांनी ठरवलंच नाही.

उणे सव्वादोन तास. रात्री १०.३०

दोन काउंटर आहेत. दोन्हीकडच्या मुलांनी एकाच क्षणी नवं बिल उघडलं. दोघांच्या क्वेरीला डेटाबेसने एकच उत्तर दिलं, कारण त्या क्षणी दोघांसाठी सगळ्यांत मोठा नंबर एकच होता. दोघांनी एक मिळवला. दोघांनी सेव्ह केलं. एकाच नंबराची दोन बिलं झाली.

पाहणं आणि लिहिणं यांच्यामध्ये फट असते. काउंटर एक असेल तर त्या फटीत कुणी शिरत नाही. दोन काउंटर, एक मोबाइल ॲप आणि विक्री प्रतिनिधींच्या ऑर्डरी आल्या की फटीत गर्दी होते. वर्षभर बाराशे बिलं करणाऱ्या दुकानात ही चूक बहुधा कधीच दिसणार नाही. रोज दोनशे बिलं करणाऱ्या गोडाऊनमध्ये ती दिसतेच, आणि दिसते ती नेमकी मार्चअखेरीला, कारण गर्दी तेव्हाच असते.

पोर्टलने दुसरं बिल परत केलं. दुसऱ्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘सर्व्हर स्लो आहे.’ आणि ते बिल नव्याने केलं.

उणे ४७ मिनिटं. १ एप्रिल, रात्री १२.००

आर्थिक वर्ष बदललं. जीएसटीच्या नियमावलीतला नियम ४६ सांगतो की बिलाचा नंबर सलग असावा, १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव असावा. म्हणून बहुतेक जण १ एप्रिलला मालिका नव्याने सुरू करतात.

पहिला ऑपरेटर नवं बिल उघडतो. नंबराची चौकट रिकामी. सेव्ह केलं तर लाल अक्षरांत एरर.

क्वेरीने नव्या वर्षातला सगळ्यांत मोठा नंबर मागितला होता. नव्या वर्षात एकही बिल नाही. डेटाबेस अशा वेळी शून्य देत नाही. तो ‘काही नाही’ असं उत्तर देतो, ज्याला त्या जगात ‘नल’ म्हणतात. शून्यात एक मिळवला तर एक होतो. नलमध्ये एक मिळवला तर नलच राहतो.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन जातो. तो झोपेतून उठून सांगतो, ‘नवीन वर्ष आहे ना, पहिला नंबर हाताने टाका. एक टाका, पुढे आपोआप येतील.’

नव्या हिशेबनीस मॅडम घरी आहेत. त्यांना विचारायचं कुणाला सुचत नाही, आणि विचारलं असतं तरी १०००१ चं त्यांनाही ठाऊक नव्हतं. ऑपरेटर १ टाकतो. पुढे खरंच आपोआप येतात: २, ३, ४.

उणे ४ मिनिटं. रात्री १२.४३

पहिली नऊ बिलं बाराचाळीसला एकत्र पोर्टलवर चढवली गेली, नवाचे नऊ आयआरएन आले. इथली पद्धत अशी की बिल सेव्ह झालं की लोडिंग लिस्ट लगेच छापून धक्क्यावर जाते, म्हणजे हमालांचा वेळ मोडत नाही. आयआरएन आणि माल वाहतुकीचं ई-वे बिल गाडी सुटायच्या आधी जोडायचं. वाईट पद्धत नाही.

बारा त्रेचाळीसला दहावं बिल होतं. नाशिकचा डीलर, ४० पंखे, १२ कूलर. सगळ्यांत मोठा नंबर ९, पुढचा १०. बरोबर.

शून्य. रात्री १२.४७

दुसऱ्या काउंटरवर कल्याणच्या डीलरचं बिल उघडलं जातं. २५ मिक्सर. सॉफ्टवेअर विचारतं, सगळ्यांत मोठा नंबर कोणता? डेटाबेस सांगतो, ९.

तो खोटं बोलत नाही. रकाना मजकुराचा आहे, आणि मजकूर शब्दकोशात लागतो तसा लागतो, पहिल्या अक्षरापासून. १० चं पहिलं अक्षर १, ते ९ च्या आधी येतं, म्हणून १० हा ९ पेक्षा लहान. काकांच्या १०००१ पासूनच्या मालिकेत सगळे नंबर पाच अक्षरी होते, त्यामुळे मजकुराचा क्रम आणि आकड्यांचा क्रम एकच पडायचा. ९९९९९ ओलांडेपर्यंत तो तसाच पडला असता.

नवात एक मिळवला, पुन्हा दहा. तक्त्यावर ‘हा नंबर दोनदा येता कामा नये’ असा निर्बंध कुणी घातलेला नाही, म्हणून सेव्हही झालं. कसलाही आवाज नाही, लाल अक्षरं नाहीत. जी हानी व्हायची ती या क्षणी झाली: कल्याणचे २५ मिक्सर आणि नाशिकचे ४० पंखे, १२ कूलर एकाच नंबराखाली गेले. कोणती ओळ कुणाची हे सांगणारी दुसरी कोणतीही गोष्ट त्या तक्त्यात नव्हती. यापुढे रात्रभर जे घडलं ते फक्त हे उमगण्याचं होतं.

ऑपरेटरच्या स्क्रीनवर त्याने टाकलेले २५ मिक्सरच दिसत होते. प्रिंटरमधून निघालेल्या लिस्टवर मात्र १० नंबराखालचं सगळं होतं.

अधिक २० मिनिटं. रात्री १.०७

कल्याणला १४ फुटी आयशर लागली होती, तिच्यात सगळं मावलं. मिक्सर, त्यावर पंखे, मागे कूलर. गाडी आतल्या आत जाणारी, कल्याणपर्यंतचंच अंतर, आयआरएन नंतर व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणून सुपरवायझरने ती सोडलीही. नंतर तिच्या मागोमाग आणखी तीन.

तिसऱ्या दहा नंबरच्या बिलातला माल उल्हासनगरचा. गाडी छोटा हत्ती. लिस्ट दोन पानांची.

टोळीचा मुकादम लिस्ट घेऊन सुपरवायझरच्या खिडकीशी येतो.

‘साहेब, हे या गाडीत मावायचं नाही.’

‘कागदावर आहे ना?’

‘आहे. पण हेच कूलर मघाशी नाशिकच्या गाडीत भरले. तेच कल्याणच्या गाडीत भरले. आता परत तेच.’

‘सीझन आहे मुकादम, कूलरच जाणार. दुसरी गाडी लावतो, तुम्ही भरा.’

मुकादम भरतो. पण आपल्या वहीत प्रत्येक गाडीपुढे नग मांडून ठेवतो, कारण टोळीची मजुरी नगावर असते आणि महिनाअखेरीला हिशेब तुटला तर टोळीच्या खिशातून जातं. महाराष्ट्रात माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी त्यासाठी आयुष्य घातलं, तेव्हा कुठे या उचल-ठेवीला हक्काचा हिशेब मिळाला. त्या हिशेबाची सवय मुकादमाच्या हातात आहे. रात्री एक वाजता त्या गोडाऊनमध्ये काय चुकतंय ते ओळखणारा तो एकटा होता, आणि त्याने ते बोलूनही दाखवलं. त्याचं म्हणणं कुणी ऐकलं असतं तर बिघाड तीन बिलांवर थांबला असता. सॉफ्टवेअरमधली चूक शोधायला सॉफ्टवेअर यावं लागतं हा समज मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महाग पडलेला वाटतो.

दीडपर्यंत सोळा बिलं झाली. सगळी १० नंबरची. सोळावी लिस्ट सात पानांची होती.

अधिक सव्वा तास. रात्री २.०२

दुसरी खेप पोर्टलवर चढते. पहिलं बिल स्वीकारलं जातं, बाकीची पंधरा परत येतात: एरर २१५०, हा आयआरएन आधीच निघाला आहे.

पंधरा परत आली त्याहून वाईट ते एक गेलं हे होतं. पोर्टलला पाठवायच्या फायलीत सॉफ्टवेअरने १० नंबराखालच्या सगळ्या ओळी घातल्या आणि बेरीजही त्यांचीच केली. म्हणजे सरकारदरबारी आता नाशिकच्या एका डीलरला सोळा डीलरांचा माल विकला गेला होता. ई-इनव्हॉइस दुरुस्त करता येत नाही, फक्त रद्द करता येतो. त्याच्यावरून निघालेल्या ई-वे बिलावरही सोळा जणांचा माल.

आणि चार गाड्या रस्त्यावर. ई-इनव्हॉइस ज्यांना लागू आहे, म्हणजे १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असणारे व्यापारी, त्यांनी आयआरएनशिवाय दिलेलं बिल हे बिलच मानलं जात नाही. नियम ४८ मध्ये ते स्पष्ट आहे. तपासणी पथकाने अडवलं तर कलम १२९ खाली माल ताब्यात जातो, आणि मालाच्या मालकाने पुढे येऊन सोडवायचा म्हटलं तर दंड कराच्या २०० टक्के. गाडी अडवली जाते तेव्हा रस्त्याच्या कडेला रात्र काढतो तो ड्रायव्हर. त्याने बिल पाहिलेलंही नसतं, घडी करून खिशात ठेवलेलं असतं.

ऑपरेटर पंधरा बिलांचे नंबर हाताने बदलायला जातो. संध्याकाळची युक्ती. १० चं ११ केलं, सेव्ह केलं, आणि बिलातला सगळा माल गायब झाला. बिलाचा नंबर बदलला, पण मालाच्या ओळींवरचा नंबर १० च राहिला. आता त्याला घाम फुटतो. तो हात मागे घेतो आणि मॅडमना फोन लावतो. त्या मुलाचं हे शहाणपण नोंदवायला हवं: अजून तीन-चार बिलं ‘नीट’ केली असती तर पुढचं काही जमलं नसतं.

अधिक अडीच तास. पहाटे ३.१७

सॉफ्टवेअरवाला घरून रिमोटवर येतो. कारण सापडायला त्याला फार वेळ लागत नाही. तुलना करण्याआधी मजकुराचा आकडा करायचा आणि रिकाम्या वर्षात शून्य धरायचं, एवढा बदल. नवं बिल उघडलं की आता १२ येतो.

‘झालं सर, आता चालेल.’

‘आणि ती सोळा बिलं?’ मॅडम विचारतात.

तिकडून उत्तर येत नाही. आदल्या रात्रीचा बॅकअप आहे, पण त्यात ही बिलं नाहीत. ओळींच्या तक्त्यात वेळेची नोंद नाही, ओळीला स्वतःचा क्रमांक नाही. कोणता पंखा कुणाचा, हे डेटाबेसकडून कळायची सोय उरलेली नाही.

मोठमोठ्या कंपन्याही नंबरांपायी अडल्या आहेत. ८ नोव्हेंबर २०१८ ला बेसकॅम्प ही अमेरिकी सेवा जवळपास पाच तास फक्त वाचण्यापुरती उरली, कारण घटनांच्या तक्त्यातला क्रमांक २,१४,७४,८३,६४७ ला पोचला आणि त्या रकान्यात याहून मोठा आकडा बसत नव्हता. २००४ च्या नाताळात कॉमएअर या विमान कंपनीची उड्डाणं ठप्प झाली. वादळामुळे वेळापत्रकात इतके बदल झाले की महिन्याला सुमारे ३२ हजार बदल मोजू शकणारा तिच्या यंत्रणेतला मोजक भरला. तिथे निदान मोजक थांबला तेव्हा सगळ्यांना कळलं. मोजक मागे राहून तोच नंबर देत बसतो तेव्हा काम चालू असल्याचं दिसतं, म्हणून हा प्रकार मला जास्त घातक वाटतो.

खरं तर उपाय जुने आहेत आणि फुकट आहेत. जवळजवळ प्रत्येक डेटाबेसमध्ये स्वतःचा मोजक असतो. तो मागचं काही पाहत नाही, मागेल त्याला पुढचा आकडा देतो आणि दिलेला परत घेत नाही. आतल्या ओळखीसाठी, म्हणजे कोणती ओळ कोणत्या बिलाची हे बांधण्यासाठी, हाच आकडा वापरायचा. तो कुणाला दाखवायचा नाही, कधी बदलायचा नाही. त्यात मध्येच एखादा आकडा गाळला जाईल, गाळू दे.

बिल नंबराला मात्र गळती चालत नाही, कायद्याला तो सलग हवा. त्यासाठी वेगळा एका ओळीचा तक्ता ठेवायचा: वर्ष आणि शेवटचा दिलेला नंबर. बिल सेव्ह होताना त्या ओळीला कुलूप लावायचं, नंबर वाढवायचा, बिल लिहायचं, कुलूप काढायचं. दुसरा काउंटर तेवढा वेळ थांबेल, काही मिलिसेकंद. बिल फसलं तर वाढवलेला नंबरही त्याच्यासोबत मागे येतो. आणि या सगळ्यावर वर्ष व नंबर मिळून एकमेव असण्याचा निर्बंध. बाकी सगळं चुकलं तरी तो निर्बंध १२.४७ ला दुसरं दहा नंबरचं बिल दारातच अडवतो. ऑपरेटर चिडला असता, एक गाडी दहा मिनिटं उशिरा निघाली असती.

ज्यांना सलग असण्याची गरज नाही त्यांनी क्रमाचा नादच सोडलेला बरा. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० ला रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला, पण त्यावरून त्या पहिल्या आहेत हे ओळखता येत नाही. आधारचे आकडे क्रमाने दिले जात नाहीत, आणि बारावा आकडा आधीच्या अकरांची चूक पकडायला ठेवलेला आहे.

अधिक चार तास. पहाटे ४.४७

मॅडम गोडाऊनला पोचल्या आहेत. आल्या आल्या त्यांनी दोन गोष्टी केल्या. धक्क्यावरचं लोडिंग थांबवलं, आणि छापलेल्या सगळ्या लिस्टा टेबलावर मागवल्या. गेलेल्या चार गाड्यांच्या ड्रायव्हरांना फोन करून लिस्टांचे फोटो मागवले.

मग त्यांनी लिस्टा जाडीने लावल्या. पहिल्या लिस्टेत फक्त नाशिक. दुसरीत नाशिक आणि कल्याण. तिसरीत त्या दोन्ही आणि उल्हासनगर. प्रत्येक लिस्ट छापली गेली तेव्हा तोवरचं सगळं तिच्यात होतं, म्हणून सोळावीतून पंधरावी वजा केली की सोळाव्या डीलरचा माल. पंधरावीतून चौदावी वजा केली की पंधराव्याचा. डेटाबेसने पुसलेला क्रम कागदावर शिल्लक राहिला होता. पेन्सिलीने एकेका ओळीवर खूण करत त्या खाली उतरत गेल्या.

दोन ठिकाणी अडलं. दोन्ही काउंटरवर एकाच वेळी सेव्ह झालेली बिलं होती, त्यांच्या जोड्यांच्या लिस्टा अगदी सारख्या निघाल्या. वजा करायला काही नव्हतं. एका जोडीचा उलगडा डीलरने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या ऑर्डरीवरून झाला. दुसऱ्या जोडीत ऑर्डर फोनवर आलेली. तेव्हा मुकादमाची वही आली. त्या दोन गाड्यांपैकी एकीत लिस्ट यायच्या आधीच टोळीने मिक्सरचे २० नग चढवले होते, डीलर स्वतः धक्क्यावर उभा होता, आणि वहीत गाडीच्या नंबरापुढे तेवढे नग मांडलेले होते.

मॅडमनी वहीचा फोटो काढून घेतला आणि मुकादमांना खुर्ची दिली.

अधिक आठ तास. सकाळी ८.४७

नाशिकच्या नावावर गेलेला दहा नंबरचा आयआरएन रद्द झाला. या वर्षात दहा नंबर आता कुणालाच मिळणार नाही. सोळा बिलं ११ पासून नव्याने केली, एकेक, एकाच काउंटरवरून, प्रत्येकाचा आयआरएन आल्यावरच पुढचं. कल्याणचा डीलर ४० पंखे आणि १२ कूलर परत द्यायला तयार झाला. बाकीच्या तीन टेम्पोंपैकी दोन माघारी आले. तिसऱ्यातला जादा माल डीलरने ठेवून घेतला, त्याचं वेगळं बिल झालं.

नऊ मोठ्या गाड्या गेटच्या आत उभ्या होत्या. त्या रिकाम्या करून पुन्हा भरायच्या. मुकादमाने सांगितलं की भरल्याची मजुरी वेगळी, उतरवल्याची वेगळी, पुन्हा भरल्याची वेगळी. सुपरवायझर वाद घालायला लागला. मॅडमनी तिन्हींचं व्हाउचर लिहिलं आणि सही केली. मोठ्या गाड्यांना ठाण्यातून जायला आता दुपारची वाट पाहावी लागणार होती. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपले.

साडेदहाला सॉफ्टवेअरवाला पुन्हा रिमोटवर आला. नंबराचा वेगळा तक्ता केला, कुलूप घातलं, मालाच्या ओळींना आतला क्रमांक दिला. शेवटचं काम राहिलं होतं एकमेव असण्याच्या निर्बंधाचं. त्याने आज्ञा दिली.

डेटाबेसने ती नाकारली. तक्त्यात आधीच दुहेरी नंबर असतील तर असा निर्बंध घालता येत नाही, आणि ते आधीच होते. त्याने यादी काढली: एकाच वर्षात एकच नंबर असलेली बिलं, ३८ जोड्या. बहुतेक मार्चअखेरीच्या, रात्री नऊ ते अकराच्या दरम्यानच्या. सगळ्या या गोडाऊनला ई-इनव्हॉइस लागू व्हायच्या आधीच्या, जेव्हा दुसरं बिल परत करायला पोर्टल नव्हतं. त्या ३८ जोड्यांतल्या मालाच्या ओळीही एकमेकींत मिसळलेल्या, आणि त्या वर्षांची विवरणपत्रं कधीच भरून झालेली.

मॅडमनी यादी छापून घेतली आणि काकांना फोन लावला. त्या वर्षांची लोडिंग लिस्टांची खोकी कुठल्या गाळ्यात ठेवली आहेत, हे त्यांना विचारायचं होतं.